‘मोफत शब्दसंग्रह चाचणी’ आणि माझ्या नावावरचं कर्ज

इंग्रजी शब्दसंग्रह वाढवून देतो म्हणत गंगापूर रोडवरच्या एका क्लासने माझ्या नावावर ३८,००० रुपयांचं कर्ज काढलं. क्लास बंद झाला, हप्ते चालू राहिले. क्लासचं नाव इथे लिहीत नाही, कारण तक्रार अजून मिटलेली नाही. शिवाय नवीन बोर्ड रंगवून घ्यायला अशा लोकांना कितीसा वेळ लागतो? म्हणून नावापेक्षा त्यांची पद्धत सांगते. नाशिकमध्ये निदान अजून एका ठिकाणी हीच पद्धत चालते, असं कानावर आलंय.

मी सातपूर एमआयडीसीत एका कंपनीच्या स्टोअरला आहे. शाळा मराठी माध्यमाची. चलन, डिस्पॅच, शॉर्टेज, रिजेक्शन हे रोजचंच असल्यामुळे ते शब्द तोंडात बसलेत. अडतं ते हेड ऑफिसचा फोन आला की. ‘माल अजून पोचला नाही’, ‘त्याऐवजी दुसरा लॉट पाठवलाय’, ‘निदान उद्या दुपारपर्यंत थांबा’ एवढं साधं बोलायचं असतं, पण मधले बारीक शब्द ऐनवेळी सुचत नाहीत. मला हवं होतं ते एवढंच, आणि हे मी काउन्सेलर मुलीला सुरुवातीलाच सांगितलं होतं. तिने ते वहीत लिहूनही घेतलं.

जाहिरात होती ‘९० दिवसांत १०,००० शब्द’. रविवारी सकाळी मोफत चाचणी. एसी हॉल, कागदी कपात चहा. आलेली माणसं बघण्यासारखी होती. पंचवटीतल्या लॉजवर काम करणारी मुलं होती. सिंहस्थाला बाहेरचे लोक येणार, इंग्रजी येणाऱ्याला पगार वाढवून मिळेल, असं त्यांना क्लासवाल्यांनीच फोनवर सांगितलं होतं. वायनरीत पाहुण्यांना वाइन चाखायला देणारी एक मुलगी होती. मुलांना इंग्रजी माध्यमात घातलेल्या इंदिरानगरच्या आया होत्या. आणि सिडकोतले एक निवृत्त काका, ज्यांना अमेरिकेतल्या नातवाशी बोलायचं होतं.

चाचणीत शब्द द्यायचे आणि चारातून अर्थ निवडायचा. शब्द कसले? एफेमरल, ऑब्सिक्वियस, लॅकॉनिक, युबिक्विटस. अर्ध्या तासात निकाल: ‘ताई, तुमचा शब्दसंग्रह फक्त ४०० शब्दांचा आहे. पाचवीतल्या मुलाचा असतो तेवढा.’ काकांना तेच सांगितलं. वायनरीतल्या मुलीलाही तेच, आणि ती तर परदेशी पाहुण्यांशी आठवडाभर इंग्रजीतच बोलते! हॉलमध्ये सगळ्यांची तोंडं उतरली होती आणि क्लासवाल्यांना तेच हवं होतं.

ही चाचणी कशी लबाड आहे हे मला पुढे एका निवृत्त प्राध्यापकांनी समजावलं. हे शब्द परदेशी विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षांसाठी घोकतात तसले. दुकानात, फोनवर, मेलमध्ये ते क्वचितच भेटतात. खरी चाचणी वेगळी असते. न्यूझीलंडचे भाषाशास्त्रज्ञ पॉल नेशन यांनी बनवलेल्या चाचण्या फुकट मिळतात. इंग्रजीतले शब्द वापराच्या क्रमाने हजार-हजारांच्या गटांत मांडायचे, प्रत्येक गटातून थोडे विचारायचे आणि माणूस कुठे अडखळायला लागतो ते बघायचं, अशी त्यांची रीत. मी ती सोडवली. पहिल्या हजारात जवळपास सगळं आलं, दुसऱ्यात बरंच, तिसऱ्यात गळती सुरू झाली. म्हणजे माझे शब्द दोन हजारांच्या आसपास तरी होते. क्लासच्या लेखी ४००.

पुढची चाचणी तर याहून भारी. महिन्याभराने ‘प्रगती चाचणी’ घेतली आणि बहुतेकांना ८०-९० टक्के मिळाले. पेढे वाटले, फोटो काढले. प्रश्न मात्र आदल्या आठवड्यात पाठ करून घेतलेल्या यादीतलेच होते. आधी कुणालाच न येणारं विचारायचं, नंतर नुकतंच पाठ झालेलं विचारायचं, आणि मधल्या फरकाला प्रगती म्हणायचं. या एका युक्तीवर सगळं दुकान उभं होतं.

आता त्या १०,००० शब्दांचं. नव्वद दिवसांनी भागा, रोजचे १११ शब्द होतात, रविवार आणि दिवाळी धरून. आज पाहिलेला शब्द उजळणी नसेल तर काही दिवसांत पुसला जातो. हर्मन एबिंगहाउसने १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून विसरण्याचा हा उतार मांडला होता. म्हणून उजळणी थोड्या थोड्या अंतराने, आणि ते अंतर वाढवत करायची असते. रोज १११ नवे शब्द घेणाऱ्याने उजळणी कधी करायची, हे मी विचारलं तेव्हा सर म्हणाले, ‘मॅडम, आमची टेक्निक सबकॉन्शस माइंडवर काम करते.’

मुळात रोजच्या बोलण्याला एवढे शब्द लागतच नाहीत. मायकेल वेस्ट यांनी १९५३ मध्ये शिकणाऱ्यांसाठी सुमारे २,००० शब्दांची यादी काढली होती. २०१३ मध्ये तिची नवी आवृत्ती म्हणावी अशी यादी आली, सुमारे २,८०० शब्दांची. सर्वसाधारण इंग्रजी मजकुरातला ९२ टक्क्यांपर्यंतचा भाग तेवढ्या शब्दांत येतो, असा ती करणाऱ्यांचा हिशेब आहे. ही यादी इंटरनेटवर सगळ्यांना मोफत आहे. आणि गंमत बघा, आम्हाला दिलेल्या ‘सीक्रेट वर्ड बँक’चं पहिलं पुस्तक म्हणजे हीच यादी होती! क्रमसुद्धा बदलला नव्हता. पहिल्या पानावरचे गुपित शब्द: द, बी, अँड, ऑफ, टू. शेजारी मराठी अर्थ मशीनने चिकटवलेले. बाकीच्या पुस्तकांत परीक्षेचे अवघड शब्द ए ते झेड. मला फोनवर अडणारे शब्द त्या पहिल्या पुस्तकात होते, पण ते वाक्यात कसे बसवायचे हे कुणी एकदाही शिकवलं नाही. ‘ते सोपे आहेत, घरी वाचा’ म्हणाले.

आता पैशांकडे येते, कारण खरा फटका तिथे आहे.

फी ४२,०००. मी एवढे आत्ता नाहीत म्हटल्यावर काउन्सेलर म्हणाली, ‘ताई, आज फक्त ४,००० भरा, बाकी सोप्या हप्त्यांत. आजच्या आज केलं तरच ही ऑफर.’ ‘अॅडमिशन कन्फर्म करायला’ आधार, पॅन आणि बँकेची माहिती घेतली. एक सेल्फी काढली. फोनवर ओटीपी आले ते तिने माझ्याच हातून तिच्या टॅबमध्ये टाकून घेतले. कर्ज हा शब्द तिने उच्चारलासुद्धा नाही. ते ओटीपी होते एका फायनान्स कंपनीच्या कर्जकराराच्या सहीचे आणि खात्यातून आपोआप पैसे कापायच्या परवानगीचे. कर्जाचे ३८,००० थेट क्लासच्या खात्यात गेले, फेडायची मी. कागद मागितले तर ‘आठवड्याभरात मेलवर येतील’.

हा आठवडा का, तेही कळून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जाच्या नियमांप्रमाणे करार होण्याआधीच कर्जदाराला ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ मिळायला हवं. त्यात वर्षाचा एकूण खर्च, हप्ते, तक्रार अधिकाऱ्याचा संपर्क असतो, आणि ‘कूलिंग-ऑफ’ची मुदतही. त्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज देऊन दंडाशिवाय बाहेर पडता येतं. पण ही मुदत फार थोडी असते, आणि मुद्दल तर क्लासकडे असते. कागद हातात येईपर्यंत ती उलटलेली असावी अशीच व्यवस्था.

तिसरा महिना लागला तसे सर येईनासे झाले, मग बॅचेस ‘ऑनलाइन’ झाल्या, मग शटर. काकांना आजही वाटतं की क्लास परत सुरू होईल. वायनरीतली मुलगी सगळ्यांत शहाणी निघाली. तिने ओटीपी द्यायच्या आधी मेसेज पूर्ण वाचला, ‘लोन अॅग्रीमेंट’ दिसल्याबरोबर पर्स उचलली आणि निघून गेली. आम्हाला तेव्हा ती आगाऊ वाटली होती.

हप्ता थांबवावा असं पहिल्यांदा मनात येतं. नवरा म्हणाला थांब, कारण हप्ता बुडाला की सिबिलवर नोंद होते आणि आमचं घराचं कर्ज काढायचं चाललंय. म्हणून आधी फायनान्स कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी मेल केला: क्लास बंद आहे, सेवा मिळालेली नाही, उरलेलं कर्ज रद्द करा. सोबत शटरचा तारखेसह फोटो, ब्रोशर, व्हॉट्सअॅप ग्रुपचे स्क्रीनशॉट. तीस दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे त्यांच्या सीएमएस पोर्टलवर तक्रार करता येते, पैसे लागत नाहीत. माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. मी ती तक्रार केली. त्यानंतर कंपनीचा सूर एकदम मऊ झाला.

क्लासविरुद्ध वेगळी वाट. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आधी नोंद केली. मग जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, त्यामुळे क्लासचं मुख्य ऑफिस दुसऱ्या शहरात दाखवलेलं असलं तरी आपल्याला तिकडे धावावं लागत नाही. आपण भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर आयोगाची फी नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही, आणि ऑनलाइन दाखल करता येते. मुदत दोन वर्षांची. जाहिरातीचं म्हणाल तर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंगच्या फसव्या जाहिरातींवर मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत; नोकरीची किंवा पगाराची खोटी हमी द्यायला त्यात मनाई आहे. लॉजवरच्या मुलांना पाठवलेले ‘सिंहस्थात नोकरी पक्की’ हे मेसेज म्हणूनच आम्ही तक्रारीला जोडले.

तुमच्या घरचं कुणी अशा चाचणीला बसलं असेल तर प्रश्नपत्रिकेचा फोटो मागून घ्या. आमच्या बॅचमध्ये तो एकाच बाईंकडे निघाला, कारण पेपर लगेच परत घेतले होते. फीच्या पावतीवर कुणाचं नाव आणि जीएसटी नंबर आहे तेही बघा. आमच्या पावतीवर क्लासचं नव्हे, भलत्याच ट्रेडिंग फर्मचं नाव होतं, आणि आयोगापुढे सध्या भांडण त्याच्यावरच अडलंय. फायनान्स कंपनीने माझे उरलेले हप्ते माफ केल्याचं पत्र दिलं आहे. कापले गेलेले हप्ते आणि रोख दिलेले ४,००० अजून यायचे आहेत.