गूगल कीवर्ड प्लॅनर: मराठी साइटसाठी कितपत कामाचा?

फुकट आहे आणि आकडे थेट गूगलचे, म्हणून साइटसाठी कीवर्डची, म्हणजे लोक गूगलवर शोधतात त्या शब्दांची, यादी करायला बसलेला प्रत्येक जण आधी कीवर्ड प्लॅनरच उघडतो. मुळात हे जाहिरातदारांसाठी बनवलेलं टूल आहे. एसइओसाठी, म्हणजे साइट गूगलच्या निकालांत वर आणण्यासाठी, वापरताना बरेचसे घोळ तिथूनच सुरू होतात.

प्लॅनर गूगल ॲड्स या जाहिरात सेवेच्या खात्यात असतो. खातं स्मार्ट मोडमध्ये (सोप्या, मोजक्या सोयींच्या रूपात) असेल तर तो दिसतच नाही, आधी एक्स्पर्ट मोडवर जावं लागतं. मग 'डिस्कव्हर न्यू कीवर्ड्स'मध्ये एका वेळी 10 शब्द टाकता येतात. 'उकडीचे मोदक' देवनागरीत टाका आणि रोमन लिपीतही टाका, कारण लोक दोन्ही लिपींत शोधतात. भाषा एकदा मराठी ठेवून बघा, एकदा सगळ्या भाषा. ठिकाण फक्त महाराष्ट्र ठेवलं तर गोवा, बेळगाव, इंदूर गळतात, त्यामुळे भारत ठेवलेला बरा.

नवीन शब्द सुचवण्यात प्लॅनर खरंच चांगला आहे. आकड्यांचं मात्र अवघड आहे. जाहिरातींवर पुरेसा खर्च नसेल तर एखादा शब्द महिन्याला किती वेळा शोधला जातो हे तो 100 ते 1 हजार, 1 हजार ते 10 हजार असे ढोबळ पट्टे दाखवतो. 110 वेळा शोधला जाणारा शब्द आणि 900 वेळा शोधला जाणारा शब्द, दोघांपुढे एकच पट्टा! त्यात हा आकडा 12 महिन्यांच्या सरासरीचा. समजा, एखादा शब्द गणपतीच्या महिन्यात 6,000 वेळा शोधला गेला आणि बाकी वर्षभर जवळजवळ नाहीच, तर सरासरी येते 500. यावर गूगल ट्रेंड्सचा, म्हणजे शोधांचा चढउतार आलेखात दाखवणाऱ्या गूगलच्या टूलचा, उतारा आहे. तिथे एकावेळी अनेक शब्द शेजारी शेजारी ठेवता येतात. 0 ते 100 हे प्रमाण सापेक्ष असतं, पण कोणता शब्द पुढे आणि मागणी कधी चढते हे लगेच कळतं.

सगळ्यात फसवा रकाना 'कॉम्पिटिशन'चा. ही स्पर्धा जाहिरातदारांची असते. 'लो' दिसलं म्हणजे त्या शब्दावर बोली लावणारे कमी, एवढाच अर्थ. पहिल्या पानावर येणं सोपं आहे की नाही, याच्याशी त्याचा संबंध नाही. ते बघायला तो शब्द इनकॉग्निटोमध्ये (ब्राउझरच्या खासगी खिडकीत) शोधून पहिले 10 निकाल स्वतः उघडावे लागतात. बोलीचा रकाना मात्र उपयोगी: बोली चढी असेल तर त्या शब्दात धंदा आहे.

आणखी एक खोच. जवळजवळ सारखे शब्द प्लॅनर एकत्र मोजून प्रत्येकापुढे तोच आकडा लावतो. पट्ट्यांमध्ये हे ओळखूही येत नाही. त्यामुळे ओळींची बेरीज करून 'एकूण मागणी' काढू नका.

यादी उतरवून घेताना गूगल शीट्सचा पर्याय निवडा. नंतर देवनागरी साफ करावी लागते. 'ॲप'मधला ॲ काही कीबोर्ड एकसंध टाकतात, तर काही अ वर वेगळा चंद्र देऊन. डोळ्यांना दोन्ही एकच, शीटला मात्र दोन वेगळे शब्द. फाइंड-रिप्लेसने एकच रूप करून मगच डुप्लिकेट काढा.

साइट जुनी असेल तर शेवटची निवड प्लॅनरवर सोडूच नये. साइटमालकांसाठीच्या गूगलच्या सर्च कन्सोल या टूलमध्ये 16 महिन्यांपर्यंतच्या तुमच्याच साइटच्या क्वेरी (लोकांनी शोधलेले शब्द) मिळतात, पट्टे नसलेल्या आकड्यांसकट. तक्त्यात 1,000 च ओळी दिसतात, म्हणून एकेक पान फिल्टर करून बघा. निकालांतलं सरासरी स्थान 8 ते 20 आणि इम्प्रेशन (निकालांत दिसण्याच्या वेळा) भरपूर, अशा क्वेरी आधी उचला. त्या पानांवर थोडं काम केलं तरी फरक पडू शकतो. सणावारी शब्दांची पानं ट्रेंड्समधला चढ सुरू व्हायच्या दोन-तीन महिने आधी टाका. गूगलने ती इंडेक्स करून (आपल्या नोंदीत घेऊन) वर आणायला तेवढा वेळ हाताशी असावा.