बीटल १३०० आणि मिनी १०००: काही महिने आलटूनपालटून चालवल्यावर

फोक्सवॅगन बीटल १३०० आणि मिनी १०००, दोन्ही १९७० च्या आसपासच्या. गेले कित्येक महिने दोन्ही गाड्या रोजच्या कामाला वापरतो आहे. कागदावर ताकद जवळपास सारखीच: बीटलचं इंजिन १२८५ सीसी, ४० अश्वशक्ती, मिनीचं ९९८ सीसी, ३८ अश्वशक्ती. पण बीटल सुमारे दोनशे किलोने जड आहे आणि पहिल्या चढालाच ते जाणवतं.

वळणावळणाच्या रस्त्याला मिनीला तोड नाही. चाकं जेमतेम १० इंची, पण गाडीच्या अगदी चार कोपऱ्यांत; स्प्रिंगऐवजी रबराचे शंकू. त्यामुळे ती फारशी झुकतच नाही, स्टिअरिंग जरा हलवलं की नाक तिकडे वळलेलं असतं. हिच्या जास्त ताकदीच्या ‘मिनी कूपर’ बहिणींनी १९६४, १९६५ आणि १९६७ ची माँटे कार्लो रॅली का जिंकली, ते मला पुस्तकापेक्षा या वळणांनी जास्त समजावलं. खडबडीत रस्त्यावर मात्र तेच रबर पाठीला प्रत्येक खड्डा मोजायला लावतं.

बीटलच्या मागे स्विंग ॲक्सल आहे, म्हणजे मागची चाकं आपापल्या अर्ध्या ॲक्सलसकट वरखाली झुलतात. भर वळणात ॲक्सिलरेटर एकदम सोडला तर बाहेरचं मागचं चाक आत दुमडू पाहतं आणि मागचा भाग सुटतो. म्हणून वेग वळणाआधीच उतरवायचा आणि वळणातून हलका जोर देत बाहेर पडायचं. आडव्या वाऱ्यातही दोन्ही हात स्टिअरिंगवर हवेत, कारण इंजिन मागे असल्याने पुढची बाजू हलकी पडते. सरळ, लांब रस्त्यावर मात्र चौथा गिअर इतका आरामात ओढतो की इंजिनाला घाई अशी नसतेच. मिनीत तासाभराने गिअरचा सूर डोक्यात भिनतो.

जागेच्या बाबतीत मिनी जिंकते. लांबी ३.०५ मीटर, बीटलपेक्षा मीटरभर कमी, तरी चार मोठी माणसं नीट बसतात. मिनीचे रचनाकार इसिगोनिस यांनी इंजिन आडवं टाकून गिअरबॉक्स त्याच्या पोटात बसवला, त्याची ही कमाई. बीटलमध्ये मागच्याचे गुडघे अडतात. सामान मात्र पुढे थोडं, मागच्या सीटमागे थोडं असं बरंच मावतं.

खरा फरक देखभालीत आहे. मिनीत इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच ऑइलवर चालतात, त्यामुळे ऑइल लवकर थकतं. मी ते ५००० किलोमीटरच्या आत बदलतोच. गिअरबॉक्सचं काम निघालं की सगळा डोलारा खाली काढावा लागतो. डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्लगांना ठिणगी वाटून देणारा भाग, पुढच्या जाळीच्या मागेच, म्हणून जोराच्या पावसात गाडी अडखळते. त्यावर रबराचं आवरण नक्की बसवा.

बीटलला रेडिएटर नाही, पाण्याची कटकट नाही. इंजिन चार बोल्ट सोडून मागे ओढलं की हाताशी येतं. पण तिला शिस्त लागते: ऑइल फक्त अडीच लिटर, फिल्टर नाही, नुसती जाळी. इंजिन थंड असताना टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, तपासणं टाळू नका. ऑइल कूलर तिसऱ्या सिलिंडरच्या हवेच्या वाटेत असल्याने तो सिलिंडर जास्त तापतो, आणि तिथल्या व्हॉल्व्हची फट कमी राहिली तर व्हॉल्व्ह जळतो. हीटर सायलेन्सरकडच्या उष्णतेवर चालतो. त्याचे डबे गंजले तर धूर थेट आत येतो, हे जिवावर बेतू शकतं.

ब्रेक दोन्हींना चारही चाकांना ड्रमच. पुढच्या गाडीपासून भरपूर अंतर ठेवा.

गावातल्या गावात फिरायचं असेल तर मी मिनीच घ्यायला सांगेन. लांबचे प्रवास आणि घरच्या घरी दुरुस्ती असेल तर बीटल, आणि एकच ठेवायची वेळ आली तर मीही बीटलच ठेवीन. घेण्याआधी मात्र बीटलची मागची सीट उचलून बॅटरीखालचा पत्रा पाहा, दाराखालचे हीटर चॅनल (गरम हवा नेणारे पोकळ पत्रे) टोचून पाहा. मिनीत मागची सबफ्रेम (मागची चाकं धरणारी चौकट) आणि दाराखालचे पत्रे. इंजिन पुन्हा बांधता येतं. गंजलेल्या सांगाड्याचं काम त्याहून कितीतरी किचकट आणि खर्चिक असतं.