पांढऱ्या पानांची कुंती आणि माझे २,१९,६५० रुपये

बुटक्या कुंतीचे, म्हणजे कुंपणाला लावायच्या शोभेच्या झुडपाचे, नवे व्हेरिगेटेड (दुरंगी पानांचे) वाण म्हणून मला जी रोपे विकली गेली ती साधी हिरवी कुंती होती, आणि त्या व्यवहारात माझे २,१९,६५० रुपये गेले. हा आकडा मी मुद्दाम पहिल्याच वाक्यात लिहिते आहे, कारण कित्येक महिने मी तो माझ्या सासूबाईंपासून आणि सख्ख्या भावापासूनही लपवून ठेवला होता. लपवल्याने फायदा फक्त रोपे विकणाऱ्या त्या माणसाचा झाला.

हिशेब असा आहे. २४० मदर प्लांट (ज्यांपासून कलमे काढायची ती मूळ रोपे), दर रोपाला ६५० रुपये, म्हणजे १,५६,००० रुपये. त्यातले ११,००० विसार म्हणून यूपीआयने १२ ऑगस्ट २०२४ रोजी आणि उरलेले १,४५,००० रोपे निघण्याच्या आदल्या दिवशी एनईएफटीने. 'वाण वाढवण्याचा परवाना' या नावाखाली २५,०००. गाडीभाडे आणि उतराई ७,४००. त्या रोपांसाठी म्हणून वेगळी शेडनेट, कोकोपीट, ट्रे आणि मुळे फुटण्याचे संजीवक यांवर ३१,२५०. परत मिळालेली रक्कम शून्य.

योजना कोणत्या घाटाची होती हे वेगळे सांगायला नको. इमू पक्ष्यांपासून कडकनाथ कोंबड्यांपर्यंत आपण सगळ्यांनी ती पाहिली आहे: माल आमच्याकडून घ्या, वाढवा, आणि आम्हीच परत विकत घेऊ. इथे कलमाचे प्रत्येक रोप सहा महिन्यांनी १४० रुपयांना उचलण्याची लेखी हमी होती. तुम्ही म्हणाल, इतके माहीत असताना तू फसलीस कशी? मलाही तोच प्रश्न रात्र रात्र छळत होता, आणि त्याचे उत्तर देणे मला आवश्यक वाटते, कारण 'लोभी होती म्हणून फसली' एवढ्यावर हा विषय संपवणाऱ्यांनी मला आधीच पुरेसे ऐकवले आहे.

मी नऊ वर्षे शोभिवंत झाडांची रोपवाटिका चालवते. बागकामाचे ठेकेदार माझ्याकडे दर हंगामात एकच मागणी करतात: कुंपणाला चालेल, कात्री सोसेल, दोन-अडीच फुटांवर थांबेल आणि हिरव्याहून वेगळे दिसेल असे काहीतरी द्या. बुटकी कुंती या मागणीतल्या पहिल्या तीन अटी पूर्ण करते. पाने बारीक, वाढ गच्च, फूल पांढरे आणि सुवासिक. तिचे पान दुरंगी असते तर माल उभ्या उभ्या गेला असता, हे मला कुणी सांगण्याची गरज नव्हती. शिवाय दुरंगी वाण असेच जन्माला येते. हिरव्या झाडावर एखाद्या फांदीच्या शेंड्यातल्या पेशीत बदल होतो, ती फांदी पांढऱ्या किंवा पिवळ्या कडांची निघते, कुणाच्या तरी नजरेला ती पडते आणि तिची कलमे करून नवे वाण बाजारात येते. त्यामुळे 'आमच्या मळ्यात एका झाडावर ही फांदी सापडली' ही त्याची गोष्ट मुळीच अशक्य नव्हती. अशक्य गोष्ट सांगणाऱ्याला मी फाटकातूनच परत पाठवले असते.

आता तो क्षण, जो मला आजही विसरता येत नाही.

६ सप्टेंबर २०२४ रोजी सकाळी गाडी आली. रोपे उतरवताना माझ्याकडे सुरुवातीपासून काम करणाऱ्या मावशींनी एक पिशवी उचलून डोळ्यांसमोर धरली आणि म्हणाल्या, "वहिनी, ही शेंड्यालाच का पांढरी हायत? खालची समदी हिरवीच." मी ती पिशवी त्यांच्या हातून घेतली. शेंड्याकडची चार-पाच पाने दुधासारखी पांढरी होती, त्यांच्या खालचे एक पान फिकट पोपटी, आणि त्याखालचे प्रत्येक पान गडद हिरवे. दुसरे रोप पाहिले, तेही तसेच. तिसरेही तसेच. जणू कुणीतरी एका विशिष्ट दिवशी २४० रोपांवर एकाच उंचीला रेघ ओढली होती. मी फोन लावला. तो अत्यंत शांतपणे म्हणाला, "ताई, खालची पाने सावलीत वाढली आहेत. ऊन मिळाले की तीही रंग धरतील." आणि मी मावशींना म्हटले, "मावशी, तुम्ही उतरवून घ्या, गाडी खोळंबली आहे."

पूर्ण वाढलेले हिरवे पान नंतर ऊन मिळाले म्हणून पांढरे होत नाही, हे मला माहीत होते. पैसे आदल्याच दिवशी गेले होते, आणि गेलेल्या पैशांनी माझे ज्ञान गिळले, यापलीकडे त्याला दुसरे कारण नाही.

खरे दुरंगी झाड कसे असते ते लिहून ठेवते. पांढरा रंग वयाप्रमाणे वाटलेला नसतो. तो जुन्या पानांवरही असतो आणि नव्यांवरही, आणि एका पानाची नक्षी दुसऱ्याशी तंतोतंत जुळत नाही. हिरवा आणि पांढरा भाग जिथे भेटतात तिथे बहुधा राखाडी-हिरवा मधला पट्टा दिसतो, कारण पानाच्या एका थरात हरितद्रव्य असते आणि दुसऱ्यात नसते. पुष्कळदा कोवळ्या काडीवर आणि देठावरही फिकट रेघा उतरलेल्या असतात. माझ्या रोपांच्या काड्या पूर्ण हिरव्या होत्या. जी पाने पांढरी होती ती सरसकट पांढरी होती, त्यांत नक्षी नव्हतीच.

ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत प्रत्येक रोपाला आलेली नवी पालवी स्वच्छ हिरवी निघाली आणि पांढरी पाने कडांनी करपून गळू लागली. तरीही मी स्वतःची समजूत घातली की हा उलटा पालट असावा. दुरंगी झाडावर हिरवी फांदी येते, ती जास्त अन्न बनवते म्हणून जोमाने वाढून बाकीच्यांना दाबते, आणि ती वेळीच बुडापासून छाटावी लागते, हे कोणत्याही माळ्याला ठाऊक असते. पण असा पालट एखाद्या फांदीवर होतो. २४० रोपांवर एकाच पंधरवड्यात होत नाही. मी मात्र तोवर १,१०० कलमे लावून बसले होते. त्यांतली पांढऱ्या शेंड्यांची सुकली, कारण ज्या पानात हरितद्रव्यच नाही ते कलमाला पोसू शकत नाही. ७३० जगली. सगळी हिरवी.

नंतर कृषी महाविद्यालयात शिकवणाऱ्या एका ओळखीच्या प्राध्यापकांनी छायाचित्रे पाहून सांगितले की काही तणनाशकांचा, विशेषतः मक्यात वापरल्या जाणाऱ्या काही औषधांचा, अगदी सौम्य मात्रेचा परिणाम नेमका असाच दिसतो. पानातली पिवळी संरक्षक रंगद्रव्ये तयार होणे थांबते, त्यांच्याविना हरितद्रव्य उन्हात टिकत नाही, आणि फवारणीनंतर फुटलेली पाने पांढरी येतात. औषधाचा अंमल ओसरला की पालवी पुन्हा हिरवी. आधी फुटलेल्या जुन्या पानांना काही होत नाही. मावशींनी दाखवलेली ती रेघ हीच होती. तुमच्याबाबतीत असे घडले तर पांढरी पाने गळायच्या आत सीलबंद पाकिटात नमुना ठेवा आणि पाकिटावर दोन साक्षीदारांच्या सह्या तारखेसह घ्या. मी ते केले नाही, आणि प्रत्येक टेबलावर मला पहिला प्रश्न त्याचाच आला.

आता कागदांविषयी, कारण तिथेही मी डोळे मिटले. त्याने मला लॅमिनेट केलेले प्रमाणपत्र दाखवले होते, त्यावर सोनेरी शिक्का आणि 'पेटंट क्रमांक' होता. भारतात वनस्पतींना पेटंट मिळत नाही. १९७० च्या पेटंट कायद्याच्या कलम ३(जे) मध्ये वनस्पती, त्यांचे भाग, बियाणे आणि वाणे सरळ वगळलेली आहेत. अमेरिकेत १९३० पासून वनस्पतींची वेगळी पेटंटे दिली जातात, पण तिथल्या क्रमांकाने इथे कुणाकडून परवान्याचे पैसे उकळता येत नाहीत. आपल्याकडे २००१ चा पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा आहे. त्याखाली वाणाची नोंदणी होते, झाडे आणि वेलींना १८ वर्षे व इतर पिकांना १५ वर्षे संरक्षण मिळते, आणि नोंदणी झालेल्या वाणांची माहिती उघडपणे पाहता येते. ती पाहायला मला वीस मिनिटे लागली. फक्त ती वीस मिनिटे मी ऑगस्टऐवजी डिसेंबरमध्ये काढली. नोंदणी नसताना वाण नोंदलेले आहे असे सांगणे हा त्याच कायद्याच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, हेही मला त्याच रात्री कळले.

त्याची गोष्टही दर महिन्याला बदलत गेली. ऑगस्टमध्ये फांदी त्याच्या मळ्यात सापडली होती. नोव्हेंबरमध्ये, रोपे हिरवी का झाली असे मी विचारले तेव्हा, मातृरोपे थायलंडहून टिश्यू कल्चरने आणलेली निघाली. परदेशी रोपे आणायला २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशानुसार आयात परवाना आणि तिकडच्या सरकारचे रोगमुक्तीचे प्रमाणपत्र लागते. ते मागितल्यावर 'कागद हेड ऑफिसला आहेत' असे उत्तर आले. पक्के बिलही नव्हते. 'रोपांवर जीएसटी नसतो, मग बिल कशाला, ताई?' हे त्याचे वाक्य मी खरे मानले, कारण त्याचा पहिला अर्धा भाग खरा आहे. कर नसला तरी बिल मागायचेच, आणि त्यावर 'कुंतीची रोपे' नव्हे, तर वाणाचे पूर्ण नाव लिहून घ्यायचे. १९ डिसेंबरला त्याचा फोन बंद झाला.

८ जानेवारी २०२५ रोजी मी पोलीस ठाण्यात गेले. पहिला प्रश्न होता, "मिस्टर कुठे आहेत तुमचे?" रोपवाटिका माझ्या नावावर आहे, खाते माझे आहे, व्यवहार माझा आहे, असे मी तीनदा सांगितले. मग अंमलदार म्हणाले, "झाडे मिळाली ना तुम्हाला? मग फसवणूक कसली? हा दिवाणी वाद आहे, वकील करा." मी छायाचित्रे दाखवली. ते म्हणाले की पाने हिरवी होणे हा निसर्ग आहे. अडीच तास बसवून अदखलपात्र नोंदीचा एक कागद माझ्या हातात ठेवला. फसवून मालमत्ता काढून घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८(४) खाली दखलपात्र गुन्हा आहे. ठाण्याने नोंद नाकारली तर कलम आणि तारखा घालून पोलीस अधीक्षकांना लेखी तक्रार पाठवता येते, आणि तिथेही दाद लागली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७३(४) हेच सांगते. मी २१ जानेवारीला नोंदणीकृत टपालाने तक्रार पाठवली. पोचपावती आली. माणूस आला नाही, फोन आला नाही.

कृषी कार्यालयात सांगण्यात आले की रोपवाटिकांचा परवाना आणि तपासणी फळझाडांसाठी आहे. शोभेची झाडे 'आमच्यात येत नाहीत'. मी विचारले, मग ती कुणात येतात? साहेबांनी शिपायाला हाक मारून मला बाजूच्या इमारतीत पाठवले. बाजूच्या इमारतीतून मला परत त्याच खोलीत पाठवण्यात आले. एका दिवसात दोनदा. आंब्याचे एक बोगस कलम विकले तर चौकशीला जागा आहे आणि २४० शोभेची रोपे रंगवून विकली तर नाही, हे त्या खोलीत कुणालाही खटकले नाही. बँकेचे म्हणणे होते की रक्कम तुम्ही स्वतः पाठवली. त्यांचे हे म्हणणे बरोबर आहे हे मला मान्य आहे, पण ज्या स्वरात ते सांगितले गेले तो स्वर मान्य नाही. ऑनलाइन पैसे गेल्याचा संशय आला तर त्याच तासाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा, म्हणजे समोरच्या खात्यातली रक्कम गोठवता येण्याची शक्यता असते. चार महिन्यांनी तिथे काही उरलेले नसते.

ग्राहक आयोगातही मला पहिल्यांदा परत पाठवण्यात आले. पुनर्विक्रीसाठी घेतलेला माल म्हणजे व्यापारी हेतू, म्हणून तुम्ही ग्राहकच नाही, असे खिडकीवरच्या कारकुनाने ठरवून टाकले. २०१९ च्या कायद्यात स्वयंरोजगारातून केवळ उपजीविकेसाठी घेतलेला माल व्यापारी हेतूत धरलेला नाही. ते कलम २(७) चे स्पष्टीकरण छापून दुसऱ्या खेपेला घेऊन गेले तेव्हा तक्रार दाखल झाली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि मुदत दोन वर्षांची आहे, हे कुणी आपणहून सांगत नाही. त्याच्या पत्त्यावर गेलेली नोटीस 'या पत्त्यावर राहत नाही' असा शेरा होऊन परत आली आहे. आता दुसरा पत्ता शोधण्याचे कामही माझेच आहे.

मावशींची मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "जाऊ द्या वहिनी." मला ते जाऊ देता येत नाही. ७३० रोपे मी साधी कुंती म्हणूनच विकते आहे आणि गिऱ्हाईकाला तसेच स्पष्ट सांगते.

गेल्या आठवड्यात एका ओळखीच्या रोपवाटिकावाल्याने मला एक जाहिरात पाठवली. फोन नंबर वेगळा, नाव वेगळे, झाड या वेळी बुटकी तगर, मदर प्लांट ९०० रुपये, परत खरेदीची लेखी हमी. खऱ्या व्हेरिगेटेड तगरीची रोपे बाजारात कधीपासून मिळतात, त्यामुळे ही थापही सहज खपेल. मी छायाचित्र मोठे करून पाहिले. शेंड्याकडची चार-पाच पाने दुधासारखी पांढरी आहेत, आणि खालची सगळी हिरवी.