लाट्या वाळवणारी पुस्तकं

तीन वर्षांपूर्वी माझा उजवा खांदा आखडला आणि लाटणं सुटलं. आमच्या फैजपुरात मार्च उजाडला की उडदाचे पापड, बिबड्या, शेवया सुरू होतात. आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे, सात-आठ जणी पोळपाट-लाटणं घेऊन जमतात. मी नुसती बसून होते. जाऊबाई म्हणाल्या, "हात चालत नाही तर तोंड चालव." दुसऱ्या दिवशी मी पिशवीत पुस्तक घालून गेले. तेव्हापासून तीन उन्हाळे मी वाचते आणि बाकीच्या लाटतात. माझी आवडती पुस्तकं या बायांपुढे कशी उतरली, ते लिहिते.

एकटीने वाचताना कंटाळा आला तर चार पानं उलटता येतात. इथे तशी सोय नाही. पुस्तक पडलं की भावजय लगेच सोन्याच्या भावावर येते. पुस्तक चढलं तर वेगळीच पंचाईत. दोऱ्याने कापलेल्या लाट्या झाकायच्या राहतात, वरून पापुद्रा धरतात, मग त्या लाटताना कडेला फाटतात.

सगळ्यात जास्त लाट्या वाळवल्या त्या 'कोसला'ने. भालचंद्र नेमाडे आमच्या खानदेशातल्या सांगवीचे, त्यांना 2014 सालचं ज्ञानपीठ मिळालं, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. वाचलं कोणीच नव्हतं. मी कॉलेजात असताना वाचलं होतं आणि तेव्हा मला त्यातला नायक पांडुरंग सांगवीकर फार थोर वाटला होता. आता दोन मुलांच्या फिया भरून झाल्यावर वाचलं, तर पुण्याच्या होस्टेलचा भाग मला नुसता चिडवत होता. बायांनाही. मेसचा कारभार, मित्रांची उधळमाधळ चालली होती आणि शेजारच्या आजींनी विचारलं, "याच्या बापाचे पैसे कितीक गेले?" अशी समीक्षा मी तरी कुठे छापलेली पाहिली नाही. पण ते 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' त्यांना असे आवडले की महिनाभर आमच्याकडे "उदाहरणार्थ पाणी आण वगैरे" चालू होतं.

मग मनीचं मरण आलं. पांडुरंगाची ही धाकटी बहीण. मी आधी वाचलेलं होतं, म्हणून वाटलं आवाज सांभाळेन. चार ओळींवर अडकले. रडलं कोणीच नाही. आठ लाटणी मात्र थांबली. माझ्या नणंदेची पहिली मुलगी लहानपणीच गेली, त्याबद्दल आमच्या घरात कोणी बोलत नाही. ती उठली, पाणी प्यायली, परत येऊन बसली आणि म्हणाली, "वाच पुढे." त्या दिवशी परातभर लाट्या वाळल्या. परत तेल लावून मुसळीने कुटाव्या लागल्या आणि पापड जाडे झाले. 1963 साली, पंचविशीतल्या मुलाने हे लिहिलं. होस्टेलच्या पन्नास पानांबद्दल मी त्याला माफ केलं.

'एक होता कार्व्हर' वाचायला घेतलं तेव्हा मला शंका होती. अमेरिकेतल्या गुलामाच्या पोराची गोष्ट इथे कोण ऐकणार? पण आमच्याकडे कापसाच्या शेताशी संबंध नाही असं घर कुठलं! वीणा गवाणकरांनी 1981 मध्ये लिहिलेलं हे चरित्र. जॉर्ज कार्व्हर 1896 मध्ये अलाबामातल्या टस्कीगीला शिकवायला आला तेव्हा तिथली जमीन वर्षानुवर्षं नुसता कापूस घेऊन पार थकलेली होती. त्याने भुईमूग लावा, रताळी लावा म्हणून शेतकऱ्यांमागे लकडा लावला. भुईमुगाच्या मुळांवरच्या गाठींतले जंतू हवेतलं नत्र जमिनीत आणतात, हे त्यामागचं कारण. शाळेत येऊ न शकणाऱ्यांकडे गाडी जुंपून अवजारं-बियाणं न्यायची, तीही त्याचीच युक्ती. इथे वाचन थांबलं आणि भांडण सुरू झालं. एक म्हणे, आमचे सासरे कापसात तुरीचे तास घालायचे, ते काय उगीच? दुसरी म्हणे, आता कोण घालतं, सगळ्यांना नुसता कापूस नाहीतर केळी पाहिजे. आजींनी निकाल दिला, "मंग आपले कोनी नही सांगलं?" सांगितलं होतं की, सासऱ्यांनी! असो. पुस्तकाची एकच खोड मला बोचते: कार्व्हरच्या अंगावर लेखिका एक डाग पडू देत नाही. इतका गोड माणूस सलग ऐकला की मधूनच कोणीतरी ओरडून बोलावंसं वाटतं. तरी ज्या घरात शेती आहे त्यांनी हे घ्यावंच.

'श्यामची आई' दोन प्रकरणांत बंद केलं. साने गुरुजी अमळनेरच्या शाळेत शिकवायचे, म्हणून ते पुस्तक आमचंच अशी इथे सर्वांची समजूत आहे. त्यातलं गाव मात्र कोकणातलं. पुस्तक वाईट नाही, पण सगळ्याच आया असल्यामुळे जी ती आपापल्या पोरांचं सांगायला लागली आणि श्याम बाजूला पडला.

रहस्यकथांपैकी बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार वडिलांच्या ट्रंकेतून काढला. माझं लहानपण त्या पातळ पुस्तकांवर गेलंय, म्हणून ती मला आजही आवडतात. पापडाला चालतात, कारण मधला अर्धा तास कोणी चहा करायला गेलं तरी बिघडत नाही. नारायण धारपांची एक भयकथा मात्र उन्हाळ्यात गच्चीवर रात्री वाचली ती चूक झाली. दोघी एकट्या घरी जाईनात. मुलाला मोटारसायकलवर दोन खेपा माराव्या लागल्या.

'रुचिरा' कोणी मोठ्याने वाचून बघू नये. कमलाबाई ओगल्यांनी माप देऊन लिहिलंय. नव्या सुनेला त्याच्यासारखा आधार नाही, माझी प्रत तेलाने पारदर्शक झाली आहे. पण आठ स्वयंपाकिणींत कृती वाचायला घेतली की दुसऱ्या ओळीलाच "एवढंसंच तिखट?" आमच्या काळ्या मसाल्याच्या गावात त्या पुस्तकाचा हात जरा आखडताच वाटतो.

या वर्षी सगळ्यांना चकवलं ते जयंत नारळीकरांनी. 'यक्षांची देणगी'मध्ये 'उजव्या सोंडेचा गणपती' नावाची गोष्ट आहे. नाव ऐकून आजी सावरून बसल्या, सोवळ्याओवळ्याचं काही असेल म्हणून. निघालं भलतंच: माणूस असा काही फिरून येतो की आरशातल्यासारखा उलटा होतो, डावं ते उजवं. मोबियसच्या पट्टीपाशी आल्यावर सगळ्यांचे चेहरे कोरे. मी पेपरची लांब पट्टी फाडली, तिला अर्धा पीळ दिला आणि टोकं चिकटवायला काही सापडेना म्हणून उडदाच्या पिठाने चिकटवली. मग काडेपेटीतल्या जळक्या काडीने त्यावर रेघ ओढत गेले. काडी न उचलता रेघ दोन्ही बाजूंनी फिरून होती तिथे आली. ती पट्टी आठ जणींच्या हातातून फिरली, एकीने बोटाने फिरवून फिरवून फाडली, तेव्हा दुसरी केली. नारळीकरांची भाषा साधी, जवळजवळ कोरडी आहे, पात्रंही एकमेकांसारखी बोलतात. पण कल्पना अशी की कोरडेपणा आठवतच नाही. रात्री नणंदेचा फोन आला, "मग त्या माणसाचं काळीज पण उजवीकडे गेलं असेल ना?"

बहिणाबाई शेवटी ठेवल्या होत्या. असोद्याच्या, जळगावला दिलेल्या. लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या 1951 मध्ये गेल्या आणि पुढच्या वर्षी आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघालं, हे सांगून मी 'घरोट' वाचायला घेतली. जात्यावरची कविता, मी शाळेत शिकवतात तशी स्पष्ट, थांबून थांबून वाचली. आजींना ते सहन होईना. त्यांनी तीच कविता गळ्यावर घेतली, एका हाताने पोळपाट फिरवत. चाल घरघरत जाणारी, आणि एका ओळीत शब्द वेगळा. "आजी, पुस्तकात तसं नाही," मी म्हटलं.

"छापनाऱ्याले काय माहीत?" आजींनी पुढची लाटी उचलली.

तो शब्द मी पेन्सिलीने समासात लिहून ठेवलाय. पुस्तक वाचनालयाचं आहे, परत करण्याआधी खोडावं लागेल.