ठोसेघरच्या दरीवर आठ महिने ऑइल पेंटिंग: बॉक्स घ्यावा का, आणि बाकीच्या भानगडी

जुलैमध्ये ऑनलाइन एक पेंटिंग बॉक्स घेतला, म्हणजे लाकडी पेटी, झाकणात बोर्ड अडकवायचा, खालच्या भागात पॅलेट आणि सगळं ट्रायपॉडवर बसवायचं. साधारण चार हजाराला पडला. तेव्हापासून महिन्यातले दोन-तीन रविवार साताऱ्याच्या बोगद्यातून बाहेर पडायचं, सज्जनगड मागं टाकायचा आणि ठोसेघर गाठायचं. आता फेब्रुवारी संपत आला, म्हटलं लिहावं.

आधी वॉटरकलर करायचो. पण श्रावणात तिथं एवढं धुकं की पहिला वॉश, म्हणजे पाण्यात पातळ केलेल्या रंगाचा हात, अर्धा तास झाला तरी वाळायचं नाव नाही, त्यावर दुसरा टाकला की सगळा चिखल. ऑइलला ती कटकट नाही, कारण ते पाणी उडून वाळतच नाही, त्यातलं जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. फक्त बोर्डावर थेंब बसले की रंग धरत नाही, तेवढं फडक्यानं पुसत राहायचं.

आता बॉक्स. लाकूड चांगलंय, पण ट्रायपॉडला जोडायचा स्क्रू तिसऱ्याच महिन्यात फिरायला लागला आणि विकणाऱ्यानं दोन मेल नंतर उत्तर देणंच बंद केलं. शेवटी आमच्या गल्लीतल्या सुतारानं खालून पट्टी मारून नट बसवून दिला, चाळीस रुपये. आणि वारा! शेजारी चाळकेवाडीला पवनचक्क्या काय उगाच लावल्यात का, उघडं झाकण म्हणजे होडीचं शीडच होतं, एकदा सगळं तोंडावर पडलं आणि व्हाइटची ट्यूब बुटाखाली आली. तेव्हापासून ट्रायपॉडला पिशवीत दगड घालून टांगतो.

ओलं चित्र घरी आणणं हा खरा वैताग. पहिलं चित्र गाडीवरून आणताना निम्मं जर्किनला लागलं, ते अजून निघालं नाही. आता हार्डबोर्डचे ६ बाय ८ इंची तुकडे कापून जेसोचे, म्हणजे रंग धरायला खाली लावायच्या पांढऱ्या लेपाचे, दोन हात मारून ठेवतो, आणि चित्र झालं की कंदी पेढ्याच्या एक किलोच्या बॉक्सात तळाला डबल टेपनं चिकटवतो, वर झाकण. रंगाला काही लागत नाही. घरी मात्र प्रत्येक वेळी कुणीतरी आशेनं उघडून बघतं. बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) दोन-तीन दिवसांत वाळतो, टायटॅनियम व्हाइट आठवड्यानं पण बोटाला लागतो, त्यामुळं धबधबा जाड रंगवला की पेढ्याचा बॉक्स बरेच दिवस अडकून पडतो.

रंग पातळ करायचं टर्पेंटाइन स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डबीतच न्या, माझा प्लास्टिकचा डबा मऊ पडला. वापरलेलं ओढ्यात ओतू नका, परत आणा. रंगाचं तेल लागलेल्या फडक्यांचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप तापून पेटतात, मी घरी आलो की पाण्याच्या डब्यात बुडवतो.

रंग कॅमलचेच. ट्यूबमधला हिरवा इथं प्लास्टिकसारखा दिसतो, अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि यलो ऑकर (मातकट पिवळा) मिसळून त्यात चिमूटभर बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) टाकला की पावसाळ्यातली दरी जवळपास येते. समोरच्या कड्याचे बेसॉल्टचे थर मी आधी काळेच रंगवायचो, खरं तर लांबून ते जांभळट राखाडी दिसतात. उन्हाची जागा दोन तासांत बदलते, म्हणून सावल्या पहिल्या दहा मिनिटांत ठरवून टाकायच्या, नंतर सूर्य कुठंही जाऊ दे.

बॉक्सला पाचपैकी साडेतीन. अर्धा सुतारामुळं.

कणसं विकणाऱ्या मावशी दर वेळी मागं येऊन उभ्या राहायच्या. एकदा म्हणाल्या, "काय ओ, आमची टपरी न्हाय घेतली व्हय त्यात?" म्हणून पुढच्या रविवारी घेतली, वरच्या निळ्या ताडपत्रीसकट. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "कागद लई निळा झालाय. आमचा उन्हानं इटलाय की."

बरोबर होतं. तिथंच थोडा ऑकर आणि व्हाइट मिसळला.