डोंगल जळाल्यापासून नोटो सान्स देवनागरी: आठ महिन्यांचा अनुभव

गेल्या पावसाळ्यात लाईट कमी-जास्त झाली आणि जुन्या फॉन्ट पॅकेजचं डोंगल जळालं, म्हणजे कंप्युटरला लावायची किल्ली, जी नसली की ते पॅकेज चालत नाही. पंधरा वर्षं हाताखालचे सगळे फॉन्ट एका संध्याकाळी बंद. कंपनीला फोन केला, तर जुन्या व्हर्जनचं डोंगल आता मिळत नाही, नवं पॅकेज घ्या, साडेअकरा हजार. मी घराच्या पुढच्या खोलीत बसून पत्रिका, हँडबिलं आणि छोट्या दुकानांच्या वेबसाईट करतो. एकदा पैसे मोजून घेतलेली वस्तू पुन्हा पैसे मोजून घ्यायची, हे मनाला पटेना. म्हणून फुकट मिळणारा नोटो सान्स देवनागरी उतरवून घेतला आणि सगळं काम त्यावर आणलं. नऊ वेट (अक्षराच्या बारीक ते जाड अशा नऊ जाड्या), युनिकोड (प्रत्येक अक्षराला सगळीकडे चालणारा ठरलेला कोड), खुलं लायसन्स, एवढं सांगून पुढे जातो.

पहिले तीन महिने मी या फॉन्टवर नाराज होतो आणि त्याचं कारण एकच होतं: ल.

एका साडीच्या दुकानाचा बोर्ड केला होता. बारा बाय चार, मधोमध दीड फुटी अक्षरांत ‘शालू’. फ्लेक्स चढला आणि तासाभरात मालकांचा फोन आला, “दादा, जरा येऊन जाता का? बाबा खाली उभे आहेत.” बाबा म्हणजे त्यांचे वडील, मराठीचे निवृत्त शिक्षक. मी पोचलो तेव्हा ते रस्त्याच्या पलीकडून बोर्डाकडे बघत होते. म्हणाले, “हा आपला ल नव्हे रे. आपला दोन पाकळ्यांचा असतो, हा काना लावलेला हिंदीतला. आणि श बघ, देठ कुठाय त्याला?” मग त्यांनी 6 नोव्हेंबर 2009 चा शासन निर्णय सांगितला. पाकळीचा ल आणि देठाचा श हे वळण त्यात मराठीसाठी ठरवून दिलेलं आहे.

जुन्या पॅकेजमध्ये मराठी वळण आपोआप यायचं, त्यामुळे माझं तिकडे कधी लक्षच गेलं नव्हतं. फ्लेक्स पदरचे पैसे घालून बदलून दिला. त्यासाठी ‘शालू’ कर्व्ह करून (म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करून) श आणि ल हातानं काढले, रेषांचे बिंदू म्हणजे नोड जुळवत अडीच तास गेले. त्या रात्री हा अनुभव लिहायला घेतला होता. पाचपैकी दोन तारे, आणि ‘मराठीचा विचार न करता केलेला फॉन्ट’ असं वाक्य लिहून ठेवलं होतं. ते वाक्य मी मागे घेतो.

झालं असं, की पुढे त्याच दुकानाची वेबसाईट आली. टेम्प्लेट इंग्रजी. दुसऱ्याच कशासाठी एचटीएमएलची फाईल उघडली, तर सुरुवातीलाच भाषेच्या जागी ‘ईएन’, म्हणजे इंग्रजी, लिहिलेलं. मजकूर मराठी आहे म्हणून ते मराठीचं ‘एमआर’ केलं, पान रिफ्रेश केलं आणि ‘शालू’तल्या ल चा काना गेला. दोन पाकळ्या आल्या. परत ‘ईएन’ केलं, काना परत. पाच-सहा वेळा असं करून बघितलं, मग बायकोला हाक मारून दाखवलं.

म्हणजे मराठी अक्षरं फॉन्टच्या फाईलमध्ये पहिल्या दिवसापासून होती. युनिकोडमध्ये मराठी ल आणि हिंदी ल यांचा कोड एकच आहे. कुठलं वळण दाखवायचं ते मजकुराच्या भाषेवरून ठरतं आणि ती भाषा सांगायचं काम आपलं. पानं मांडायच्या इनडिझाइन सॉफ्टवेअरमध्येही तेच: कॅरेक्टर पॅनेलमध्ये भाषा मराठी निवडायची. (परिच्छेदाला वर्ल्ड-रेडी कंपोझर हे सेटिंग हवंच, नाहीतर पहिली वेलांटी अक्षराच्या भलत्या बाजूला जाऊन बसते.) ज्यासाठी अडीच तास नोड ओढले, ते एका ड्रॉपडाउनचं काम होतं. वेबसाईटवर याचा आणखी एक फायदा आहे. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही अशी माणसं स्क्रीन रीडरवर (पान वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) पान ऐकतात, तेव्हा मराठी आवाज निवडला जातो तोही याच खुणेवरून. इंग्रजी आवाजात मराठी मजकूर ऐकायला लावणं बरं नाही.

बाकीचं थोडक्यात. हेडिंगला इंग्रजी टेम्प्लेटमधलं लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं जादा अंतर) राहिलं असेल तर शून्य करा, शिरोरेषा तुटते. ओळीची उंची अक्षराच्या मापाच्या 1.2 पट असेल तर वरची मात्रा आणि खालचा उकार एकमेकांत शिरतात, मी 1.6 च्या खाली जात नाही. ‘तऱ्हा’, ‘वाऱ्यावर’ यांतला र रफार होऊन वर गेला, तर तो फॉन्टचा दोष समजू नका. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर तो असा टाईप करा: शिफ्ट धरून जे, मग डी, मग पुढचं अक्षर. आता कुठलाही फॉन्ट हातात आला की मी आधी ‘शालू, तऱ्हा, कर्तृत्व, किंमत ₹ 1,250’ एवढी ओळ टाईप करून मोठी करून बघतो. प्रेसला फाईल कर्व्ह करून देतो, कारण त्यांच्या मशीनवर भाषेचं सेटिंग काय असेल ते आपल्या हातात नाही.

एक तक्रार मात्र राहिली. गिऱ्हाईक मोबाईलवर ज्या ऑनलाईन बॅनर टूलमध्ये स्वतः तारीख बदलतात, तिथे मजकुराची भाषा निवडायची सोयच मला सापडली नाही. तिथे गेलं की पुन्हा काना. मी तसे बॅनर आता चित्र करूनच देतो. आणि लग्नपत्रिकेला हा फॉन्ट मला कोरडा वाटतो, तिथे दुसरा वापरतो.

चार तारे. साडेअकरा हजार वाचले हे आहेच, पण नुसतं त्यासाठी नाही. जुन्या पॅकेजमधला मजकूर वेबसाईटवर चिकटवला की इंग्रजी अक्षरांचा चिवडा व्हायचा, म्हणून प्रत्येक दुकानाची माहिती मी दोनदा टाईप करायचो. आता हँडबिलाचा मजकूर तसाच साईटवर जातो आणि गूगलवर सापडतोही.

गेल्या आठवड्यात माझ्या जुन्या अकरा साईट तपासल्या. नऊ ठिकाणी ‘ईएन’ होतं. सात दुरुस्त केल्या, पैसे घेतले नाहीत. उरलेल्या दोनांचे पासवर्ड मालकांकडे आहेत, ते आले की त्याही करून टाकतो.