व्हील ऑफ टाइम: शोचा नाही, शोच्या जाहिरातीचा रिव्ह्यू

माझी भाची नववीत आहे आणि सध्या तिला एकच टेन्शन आहे, एचबीओची हॅरी पॉटरची नवी सिरीज. जुलै २०२५मध्ये शूटिंग सुरू झालं तेव्हा हातात क्लॅपबोर्ड धरलेल्या नव्या हॅरीचा फोटो आला होता ना, तेव्हापासून तिचे मेसेज चालू आहेत, मावशी हे असं का दाखवतायत, मावशी ज्यांनी पुस्तकं वाचलीच नाहीत त्यांना काय कळणार, मावशी लोकांनी बघितलंच नाही तर मधेच बंद करतील का गं. घरात सगळे म्हणतात अगं अजून सिरीज आलीये कुठे. पण तो शेवटचा प्रश्न वाचून माझ्या पोटात खड्डा पडला, कारण मी यातून गेलेय. म्हणून हा रिव्ह्यू लिहितेय, ॲमेझॉन प्राइमने व्हील ऑफ टाइम, म्हणजे रॉबर्ट जॉर्डनच्या फँटसी पुस्तकांवरचा शो, लोकांपर्यंत कसा पोचवला त्याचा. शो कसा आहे यावर खूप लिहून झालंय, मला फक्त जाहिरातीबद्दल बोलायचंय.

आधी थोडं मागचं सांगते म्हणजे आम्ही एवढे घाबरट का ते कळेल. या मालिकेतलं जॉर्डनचं पहिलं पुस्तक आलं १९९०मध्ये. मला ते मिळालं बऱ्याच वर्षांनी, मुंबईत फाउंटनच्या फुटपाथवर, जुन्या पुस्तकांच्या ढिगात, पाठीवरची घडी पांढरी पडलेली. एकूण १४ पुस्तकं आणि वर एक आधीच्या काळातली कथा. आणि २००७मध्ये लेखक गेला. गोष्ट अर्धवट. आम्ही वाचणारे तेव्हा अक्षरशः घरचं माणूस गेल्यासारखे बसलो होतो, कारण इतकी वर्षं ज्यांच्या बरोबर चाललो त्या पोरांचं पुढे काय होणार हे सांगणाराच राहिला नव्हता. मग त्याच्या बायकोने, हॅरिएट मॅकडूगल, जी त्याची संपादकही होती, तिने ब्रँडन सँडरसनला निवडलं आणि त्याने जॉर्डनच्या नोंदींवरून शेवटची तीन पुस्तकं पूर्ण केली, शेवटचं २०१३ला आलं. म्हणजे अर्धवट राहणं काय असतं ते आम्हाला आधीच माहीत होतं.

त्यात २०१५ला एक प्रकार झाला. फेब्रुवारीत एका रात्री दीड वाजता अमेरिकेत एफएक्सएक्स चॅनेलवर व्हील ऑफ टाइमचा म्हणून अर्ध्या तासाचा एक पायलट, म्हणजे नमुन्याचा पहिला एपिसोड, दाखवला गेला. आधी एक ओळीची जाहिरात नाही, कुणाला काही सांगितलेलं नाही. पुस्तकं पडद्यावर आणायचे हक्क हातातून जाऊ नयेत म्हणून घाईने बनवून टाकलाय असाच सगळ्यांचा समज झाला आणि हॅरिएटने जाहीरपणे सांगितलं की हे तिला न कळवता केलेलं आहे. विचार करा, जगभर लाखो लोक वाचतायत असं काहीतरी, आणि ते पहिल्यांदा पडद्यावर येतं ते रात्री दीड वाजता, कुणी बघू नये अशा वेळी. तेव्हापासून आमच्या मनात हे पक्कं बसलं की आपल्या गोष्टीला पडद्यावर मान मिळेलच असं नाही.

मग ऑक्टोबर २०१८ला ॲमेझॉनने शो जाहीर केला. पहिला खरा ट्रेलर आला २ सप्टेंबर २०२१ला. मधे जवळजवळ तीन वर्षं. कोविडमुळे प्रागमधलं शूटिंग बंद पडलं होतं ते समजू शकतं, पण या काळात अधिकृत अकाउंटवरून यायचं काय तर काही सेकंदांची क्लिप, बगळ्याची खूण असलेली तलवार, माणिक जडवलेला खंजीर. आम्ही त्या काही सेकंदांवर रात्र रात्र चर्चा करायचो, मूठ पुस्तकात अशी आहे का, बगळा कुठल्या बाजूला आहे. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू. पण ज्याने पुस्तक वाचलं नाही त्याला ही फक्त एक तलवार. तलवारी सगळ्याच फँटसीत असतात. तिथेच मला पहिल्यांदा शंका आली की हे आमच्याशीच बोलतायत, बाहेरच्यांशी कोण बोलणार?

याच काळातली एक गोष्ट मात्र मनापासून चांगली होती, ती सांगितलीच पाहिजे. शोरनर, म्हणजे शोची सगळी सूत्रं ज्याच्या हातात तो, रेफ जडकिन्स बुधवारी काहीतरी टाकायचा, कधी स्क्रिप्टच्या पानाचा तुकडा, कधी एपिसोडचं नाव, कधी सेटवरची बारीकशी वस्तू. व्हील ऑफ टाइम वेन्सडे म्हणायचे त्याला. खर्च शून्य, पण त्यातून कळायचं की करणारा माणूस पुस्तकं मनापासून वाचलेला आहे. तो काय काय बदलणार याची भीती होतीच, पण त्याला काही फरकच पडत नाही ही भीती गेली.

आता ट्रेलर. दिसायला सुंदर, रोझमंड पाइक मॉइरेन या जादू करणाऱ्या बाईच्या निळ्या पोशाखात, डोंगर, घोडे, ट्रॉलॉक नावाचे राक्षस, हाताभोवती फिरणारे पांढरे धागे. मी तो ऑफिसमधल्या मैत्रिणीला दाखवला, तिला गेम ऑफ थ्रोन्स तोंडपाठ. ती म्हणाली छान आहे गं, पण ही बाई या पोरांना घेऊन चाललीये कुठे आणि का? आणि मी तिला उत्तर द्यायला लागले तर वीस मिनिटं लागली. ती वीस मिनिटं ट्रेलरने दोन वाक्यांत मारायला हवी होती. कारण या गोष्टीचा गाभा खरंच दोन वाक्यांत सांगता येतो: या जगात जादू बायकांच्या हातात आहे कारण पुरुषांच्या वाट्याची जादू विषारी झालीये, जो पुरुष वापरेल तो वेडा होतो. आणि जगाला वाचवणारा जो पुन्हा जन्माला आलाय तो नेमका तसाच पुरुष आहे. बास. हे ऐकून कुणीही खुर्चीत सरसावून बसेल.

त्याऐवजी पहिल्या सीझनचा सगळा भर कशावर दिला तर ड्रॅगन, म्हणजे तो पुन्हा जन्माला आलेला, कोण? पाच तरुण पोरं, त्यातला एक. पुस्तकात ड्रॅगन पुरुषच असणार हे ठरलेलं, इथे मुलींनाही त्या यादीत घातलं, त्यावरून जुने वाचक भडकले ते वेगळंच. माझा राग त्यावर नाही, रूपांतर म्हटलं की बदल येणार. माझं म्हणणं असं की कोण हा प्रश्न आठ एपिसोडात संपतो, आणि त्याच प्रश्नावर ज्याला बोलावलं तो उत्तर मिळालं की उठून जातो. हे कोडं नाहीये, ही एका पोराला कळतं की आपण वेडे होणार आहोत आणि तरी उभं राहायचंय अशी गोष्ट आहे, ती १४ पुस्तकं पुरते. बोलावताना जे सांगून बोलावलं तेच ताटात हवं.

आणि गेम ऑफ थ्रोन्सची तुलना! जिथे तिथे पुढचं गेम ऑफ थ्रोन्स, पुढचं गेम ऑफ थ्रोन्स. मला कळतं की २०१९ला तो शो संपल्यावर सगळेच प्लॅटफॉर्म त्या जागेसाठी धावत होते. पण रक्त, सिंहासन आणि राजकारण शोधत आलेला माणूस इथे पहिल्या दोन एपिसोडात खेड्यातला सण आणि जंगलातला प्रवास बघून वैतागणारच ना, त्यात त्याचा काय दोष.

भारताबद्दल तर मला फारच वाईट वाटतं. पहिला सीझन १९ नोव्हेंबर २०२१ला आला, त्यानंतर ॲमेझॉन स्टुडिओजच्या त्या वेळच्या प्रमुखांनी सांगितलं होतं की शो सगळ्यात जास्त बघणाऱ्या देशांमध्ये भारत आहे, अमेरिकेबरोबर नाव घेतलं होतं. आणि आश्चर्य काय त्यात? कालचक्र, युगं, पुनर्जन्म, आपल्याकडे कुठल्या आजीला हे समजावून सांगावं लागतं का? चौदाही पुस्तकांचं पहिलं प्रकरण सुरू होतं तेच मुळी युगं येतात आणि जातात, आठवणींच्या दंतकथा होतात अशा अर्थाच्या ओळींनी, आणि मग कुठेतरी वारा सुटतो. शोच्या सुरुवातीची टायटल्स तुम्ही बघितली असतील तर त्यात धागे विणले जातात आणि त्या धाग्यांतून बायकांच्या आकृत्या तयार होतात. हातमागावर ताणा आणि बाणा बघितलेल्या माणसाला ही कल्पना एका नजरेत कळते. शिवाय अलाना हे महत्त्वाचं पात्र आपल्या प्रियांका बोसने केलंय आणि काय केलंय! पोस्टरवर युगं पुन्हा फिरतात एवढी एक ओळ आणि तिचा चेहरा टाकला असता तरी माझ्या आईने विचारलं असतं हे काय आहे म्हणून. हिंदी डबिंग होतं, मराठी नव्हतं.

ऑगस्ट २०२२मध्ये त्याच कंपनीच्या रिंग्ज ऑफ पॉवर या लॉर्ड ऑफ द रिंग्जवाल्या शोचे कलाकार मुंबईत आले, इथे प्रीमियर झाला, सगळीकडे तेच. मी तो शोही आवडीने बघितला. पण त्या दिवशी फोटो बघताना मला लग्नघरातल्या त्या मुलीसारखं वाटलं, जिच्या मोठ्या बहिणीचं सगळं थाटात चाललंय आणि हिला कोणी जेवलीस का विचारत नाही.

एक गोष्ट मात्र पूर्ण मार्क देण्यासारखी. रोझमंड पाइकने पहिलं पुस्तक स्वतः वाचून रेकॉर्ड केलं, शोच्याच महिन्यात ते ऑडिओबुक आलं. जुनं मायकेल क्रेमर आणि केट रीडिंगचं आहेच, लोक त्यावर जीव टाकतात, पण पाइकचं ऐकल्यावर कळतं की तिने ही गोष्ट नुसती नोकरी म्हणून घेतलेली नाही. शो बघितला, आवाज आवडला, पुस्तकाकडे वळला, असा रस्ता त्यातून तयार झाला.

आणि याच्या अगदी उलट म्हणजे ओरिजिन्स नावाचे छोटे ॲनिमेटेड एपिसोड. जग कसं मोडलं, पुरुषांची जादू विषारी कशी झाली, सगळं काही मिनिटांत, इतकं सुंदर. ठेवले कुठे तर एक्स-रेमध्ये, म्हणजे प्राइमवर बघताना जास्तीची माहिती दाखवणाऱ्या कोपऱ्यात, आणि बोनसमध्ये, जिथे हात जातो तो आधीच वेडा झालेल्या फॅनचा. अरे हेच तर यूट्यूबवर, टीव्हीवर, मेट्रो स्टेशनच्या स्क्रीनवर लावायला हवं होतं! मला माझ्या मैत्रिणीला सांगायला जी वीस मिनिटं लागली त्याचं उत्तर त्यांच्याकडे तयार होतं आणि ते माळ्यावर ठेवलं होतं.

दुसऱ्या सीझनच्या वेळी मात्र दोष द्यावा असं काही नाही. १ सप्टेंबर २०२३ला आला आणि तेव्हा हॉलिवूडच्या कलाकारांचा संप चालू होता, जुलैपासून. संपात प्रमोशन बंद, म्हणजे मुलाखत नाही, पोस्ट नाही, कार्यक्रम नाही. संप योग्यच होता, पण शो पहिल्यापेक्षा कितीतरी सुधारला होता आणि ते सांगायला कलाकारच नव्हते. आम्ही ग्रुपवर रोज हिशोब करत बसायचो की नवीन किती लोक आले, कोणी बघितलं, कोणी सोडलं.

तिसरा सीझन मार्च २०२५. काय सांगू. चौथा एपिसोड, वाळवंटातल्या रुईडियन शहराचा, मी उभ्याने बघितला, बसवेचना. एकच नट आपल्याच पूर्वजांच्या आयुष्यात मागे मागे जात राहतो, आणि ज्या लोकांना आपण फक्त लढवय्ये समजत होतो ते मुळात कोण होते ते कळतं. समीक्षकांनी डोक्यावर घेतलं, रॉटन टोमॅटोजवर ९७ टक्के. आणि शेवटचा एपिसोड १७ एप्रिलला आला, २३ मेला बातमी आली की चौथा सीझन नाही. पाच आठवडे.

खर्चाचं गणित असतं, बघणारे किती आणि पैसा किती, ते मला मान्य आहे. पण ज्यांनी पहिल्या सीझननंतर सोडला त्यांना परत बोलवायला काय केलं? तिसऱ्याच्या ट्रेलरमध्ये लढाया होत्या, वाळवंट होतं, सगळं भव्य होतं, पण तू सोडलास ना, आता परत ये, हे बघ आता काय झालंय असं त्या माणसाशी बोलणारं मला काही दिसलं नाही. नवीन शो विकणं वेगळं आणि रुसलेल्या माणसाला परत आणणं वेगळं, दुसऱ्याला जास्त जीव लावावा लागतो. ते काम फॅन्सनी केलं, मी केलं, एकेका माणसाला फोन करून. एकेक माणूस धरून असा शो चालत नाही.

माझे मार्क: पहिला सीझन पाचपैकी अडीच, त्यातला एक ऑडिओबुकचा आणि एक बुधवारचा. दुसऱ्याला मार्क देत नाही. तिसऱ्याला दीड. शोला मी साडेचार देते, म्हणूनच एवढं लागतं.

भाचीला मी एवढंच लिहिलं की ट्रेलर आला की तुझ्या अशा मैत्रिणीला दाखव जिने पुस्तक हातात धरलेलं नाही, आणि तिला विचार की ही गोष्ट कशाबद्दल आहे. तिला सांगता आलं तर निवांत झोप. केसांचा रंग, गणवेशाची टाय, हे नंतर बघू.

दिवाळीत माझे जिजाजी आले होते, त्यांना तीन दिवसांत तिन्ही सीझन दाखवले, म्हणजे त्यांनीच बघितले, रात्री दोन दोनपर्यंत. भाऊबीजेला सकाळी चहा घेता घेता म्हणाले, चौथा कधी येतोय? मी काही बोलले नाही, आत जाऊन कपाटातून पाचवं पुस्तक काढून त्यांच्या हातात दिलं.